पाच अतिचार आणि लंडनमधली एक संस्था



दशलक्षण पर्वात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचला जातो. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपल्यापैकी कित्येकींना ही नावं पाठ आहेत. यंदा वाचन संपल्यावर बायकांमध्ये बोलणं निघालं आणि एकीने विचारलं, ‘परदेशात लोक रोज मांस खातात आणि प्राण्यांसाठी मोठमोठ्या संस्थाही काढतात. ही कसली दया?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नाही. म्हणून आज इंग्लंडमधल्या एका जुन्या संस्थेचा इतिहास सांगते. रॉयल सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ क्रुएल्टी टू अ‍ॅनिमल्स हे तिचं लांबलचक नाव. सगळे तिला आरएसपीसीए म्हणतात. २०२४ मध्ये तिला दोनशे वर्षं पूर्ण झाली.

आधी अतिचारांचा अर्थ नीट डोळ्यांसमोर ठेवू या. अतिचार म्हणजे व्रत पूर्ण मोडणं नव्हे, व्रताला डाग लागणं. इथे वध म्हणजे जीव घेणं नाही, काठीने किंवा चाबकाने मारणं. बंध म्हणजे हलता येणार नाही असं बांधून ठेवणं. छेद म्हणजे कान, नाक, शेपूट असा अवयव कापणं. अतिभारारोपण म्हणजे ताकदीबाहेर ओझं लादणं आणि अन्नपाननिरोध म्हणजे वेळेवर चारापाणी न देणं. ही यादी खाटकासाठी नाही. ज्याच्या दावणीला जनावर आहे, जो त्याच्याकडून काम करून घेतो, अशा श्रावकासाठी ती आहे. हे लक्षात ठेवलंत तर पुढची गोष्ट वेगळी दिसेल.

दोनशे वर्षांपूर्वी लंडन शहराच्या मधोमध स्मिथफील्ड नावाचा जनावरांचा बाजार भरायचा. लांबलांबून चालवत आणलेली गुरं आणि मेंढ्या तिथे दाटीवाटीने उभ्या असत. टोकदार काठीने टोचून, मारून त्यांना पुढे हाकलायचे. शहरातली सगळी वाहतूक घोड्यांवर आणि गाढवांवर चाले. चढावर घोडा अडला की चाबूक हा एकच उपाय. करमणूक म्हणून बैलाला खुंटाला बांधून त्याच्या अंगावर कुत्री सोडायची आणि लोकांनी गोल करून बघायचं, हाही त्या काळचा रिवाज होता. जनावर ही मालकाची मालमत्ता, त्याचं तो काहीही करेल, अशी समजूत होती.

या समजुतीला पहिला धक्का दिला रिचर्ड मार्टिन या खासदाराने. तो आयर्लंडमधल्या गॉलवेचा. तरुणपणी द्वंद्वयुद्धांसाठी गाजलेला, तापट माणूस. जनावरांवरच्या त्याच्या मायेमुळे राजा चौथा जॉर्ज याने त्याला ‘ह्युमॅनिटी डिक’ असं टोपणनाव दिलं, असं सांगतात. पार्लमेंटमध्ये त्याची भरपूर थट्टा झाली, पण १८२२ मध्ये त्याने कायदा मंजूर करून घेतलाच. घोडा, खेचर, गाढव, गाय, मेंढी अशा जनावरांना क्रूरपणे मारलं किंवा छळलं तर कमीत कमी १० शिलिंग आणि जास्तीत जास्त ५ पौंड दंड, आणि दंड भरला नाही तर तुरुंग. कुत्री, मांजरं त्यात नव्हती. खटल्यांच्या वेळी मार्टिन स्वतः कोर्टात उभा राहायचा. एकदा त्याने मार खाल्लेलं गाढवच न्यायाधीशांसमोर आणून उभं केलं, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यावर चित्रसुद्धा निघालं.

पण कायदा कागदावर असतो आणि मार रस्त्यावर पडतो. गाढव काही फिर्याद द्यायला जात नाही. रस्त्यावर उभं राहून बघणारं, साक्ष देणारं कुणीतरी हवं होतं. त्यासाठी १६ जून १८२४ रोजी लंडनच्या एका कॉफीगृहात काही मंडळी जमली. त्या कॉफीगृहाचं नाव होतं ‘ओल्ड स्लॉटर्स’. स्लॉटर हे मूळ मालकाचं आडनाव, पण इंग्रजीत त्याचा अर्थ कत्तल! प्राणिदयेची सभा अशा नावाच्या जागी भरावी, हा योगायोगच. सभा बोलावली होती आर्थर ब्रूम या पाद्र्याने. मार्टिन तिथे होता, आणि गुलामगिरीविरुद्ध लढणारे विल्यम विल्बरफोर्स आणि थॉमस फॉवेल बक्स्टन हेही होते. माणसाला विकू नये म्हणणारेच लोक जनावराला छळू नये म्हणायला पुढे आले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अहिंसेचे असे वेगवेगळे कप्पे करता येत नाहीत.

ब्रूमने या कामासाठी चर्चमधली आपली नेमणूक सोडली. स्मिथफील्डवर लक्ष ठेवायला त्याने माणसं नेमली, त्यांचा पगार सुरुवातीला स्वतःच्या खिशातून दिला. वर्गणी थोडी आणि खर्च जास्त. दोन वर्षांत संस्था कर्जात बुडाली आणि त्या कर्जापायी १८२६ मध्ये ब्रूमला तुरुंगात जावं लागलं. मार्टिनने आणि लुईस गोम्पर्ट्झ नावाच्या सदस्याने पैसे उभे करून संस्था तारली.

हा गोम्पर्ट्झ आपल्या ओळखीचा वाटावा असा माणूस आहे. लंडनच्या ज्यू हिरेव्यापारी घराण्यातला. मांस तर नाहीच, पण अंडी आणि दूधही तो घेत नसे. घोड्यांना त्रास होतो म्हणून घोडागाडीत बसत नसे, पायी चालायचा. प्राण्यांना आपण कसं वागवतो यावर त्याने १८२४ मध्येच पुस्तक लिहिलं. ब्रूमनंतर संस्थेचा कारभार त्याने सांभाळला, संस्था जगवली. पुढे १८३२ मध्ये संस्थेने ठराव केला की आपलं काम ख्रिस्ती धर्मतत्त्वांवर उभं आहे. ज्यू असलेल्या गोम्पर्ट्झने पद सोडलं आणि वेगळी संस्था काढली. सगळ्यात कडक व्रत पाळणारा माणूस असा संस्थेबाहेर गेला. धर्माच्या नावाने चाललेल्या चांगल्या कामात ‘आमचे’ आणि ‘बाहेरचे’ अशी विभागणी झाली की काय गमावतं, ते यातून कळतं. आपणही कधी कधी हे आठवावं.

तरी काम थांबलं नाही. १८३५ मध्ये नवा कायदा आला. बैलांच्या, कुत्र्यांच्या आणि कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली, कुत्र्यांनाही संरक्षण मिळालं. कोंडवाड्यात घातलेल्या जनावराला चारापाणी देणं बंधनकारक झालं. थोडं थांबून बघा. मारणं, बांधून छळणं, उपाशी ठेवणं. ज्यांना आपलं शास्त्र ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं, ते लोक एकेक करत आपल्याच यादीवर येत होते. घोड्यांच्या शेपट्या दिसायला छान म्हणून छाटण्याची फॅशन होती. तो छेदाचा अतिचार कायद्याने थांबायला मात्र १९४९ साल उजाडलं.

या कामाला मोलही द्यावं लागलं. १८३८ मध्ये हॅनवर्थ इथे कोंबड्यांची झुंज थांबवायला गेलेल्या जेम्स पायपर या इन्स्पेक्टरला जबर मारहाण झाली आणि त्यात तो गेला. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने संस्थेला ‘रॉयल’ म्हणवून घ्यायची परवानगी दिली. मग समाजातली प्रतिष्ठित मंडळी जोडली गेली, पैसाही आला. पण एक खोटही राहिली. गरिबांच्या कोंबडझुंजी लवकर बंद झाल्या आणि श्रीमंतांची कुत्री सोडून होणारी कोल्ह्यांची शिकार बंद करणारा कायदा यायला २००४ साल लागलं. गाडीवानाला कोर्टात नेणं सोपं, जमीनदाराला नेणं कठीण. हे इंग्लंडपुरतंच खरं नाही.

आता बायकांविषयी. १८७० मध्ये संस्थेची महिला समिती उभी राहिली. अँजेला बर्डेट-कूट्स ही अतिशय धनाढ्य आणि दानशूर बाई तिची अध्यक्ष होती. खटल्यांचं काम पुरुष इन्स्पेक्टर करत होते. या बायकांनी मुलांकडे लक्ष वळवलं. शाळांमधून प्राणिदयेवर निबंधस्पर्धा सुरू झाल्या. १८७५ मध्ये कॅथरीन स्मिथीज या बाईंनी ‘बँड ऑफ मर्सी’ नावाची मुलांची मंडळं काढली. मुलं जमायची, गाणी म्हणायची आणि मुक्या जिवांशी दयेने वागण्याची प्रतिज्ञा घ्यायची. आपल्या पाठशाळेसारखंच म्हणा ना! पुढे ही चळवळ याच संस्थेत सामील झाली.

त्याच काळात अ‍ॅना स्यूएल ही बाई आजारपणात पडल्या पडल्या, आईच्या मदतीने, एका घोड्याची गोष्ट लिहीत होती. घोडा स्वतःच आपली कहाणी सांगतो, असं ते ‘ब्लॅक ब्यूटी’ पुस्तक १८७७ मध्ये निघालं. ऐटीत दिसावा म्हणून घोड्याची मान लगामाने ताणून वर बांधायची पद्धत होती. चढावर त्याला मान खाली घालून जोरही लावता यायचा नाही. श्रीमंत बायकांच्या गाड्यांनाच असे घोडे जुंपलेले असत. पुस्तक वाचून अनेकींना पहिल्यांदा कळलं की आपल्या डौलाची किंमत घोड्याची मान देते आहे. पुस्तक आलं आणि काही महिन्यांतच लेखिका वारली. पुढे ते घरोघरी वाचलं गेलं. लंडनच्या रस्त्यांवर माणसांसाठी पाणपोया बांधणाऱ्या संस्थेने १८६७ पासून जनावरांसाठी दगडी हौदही बांधायला घेतले होते. अन्नपाननिरोधाला याहून साधं उत्तर कोणतं?

आता आपल्या मुंबईकडे येऊ. कारण ही गोष्ट इथेही पोहोचली, आणि इथे आपली गोष्ट आधीपासून चालू होती. १८३२ मध्ये सरकारी हुकमाने मुंबईत भटकी कुत्री मारली जात होती. पारशी समाज त्याविरुद्ध उठला, जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनीही दुकानं बंद ठेवली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि आपले शेठ मोतीशा यांनी पुढाकार घेऊन मुंबईची पांजरपोळ उभी केली. एक पारशी आणि एक जैन. लंडनची संस्था तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. म्हणजे आपण दया त्यांच्याकडून शिकलो, असं मुळीच नाही. गुजरातेत पांजरपोळी तर त्याच्याही कितीतरी आधीच्या.

इंग्लंडच्या धर्तीवरची पहिली संस्था भारतात १८६१ मध्ये कलकत्त्यात निघाली आणि मुंबईची १८७४ मध्ये. या मुंबईच्या संस्थेला जनावरांच्या दवाखान्यासाठी दिनशा माणेकजी पेटिट यांनी मोठी देणगी दिली. परळचा तो दवाखाना १८८३ चा, आणि त्याला नाव आहे त्यांच्या पत्नीचं, बाई साकरबाई. आजही तो चालू आहे.

पांजरपोळ आणि ही संस्था यांत फरक काय, ते मला इथे सांगायचं आहे. पांजरपोळीत जनावर येतं ते थकल्यावर, लंगडं झाल्यावर, मालकाने सोडून दिल्यावर. तिथे त्याला मरेपर्यंत चारा मिळतो. आपण पर्वाला जीवदयेची रक्कम लिहितो ती बहुतेक तिथे जाते, आणि जायलाच हवी. पण इंग्लंडच्या इन्स्पेक्टरने उभं राहायची जागा वेगळी निवडली. ओझं जिथे लादलं जातं, चाबूक जिथे उगारला जातो, तिथे तो उभा राहिला. आणि आपले पाच अतिचारही नेमकी तीच जागा दाखवतात. त्यांत म्हाताऱ्या जनावराचा उल्लेख नाही. कामाला जुंपलेल्या, रोज आपल्या उपयोगी पडणाऱ्या जनावराविषयीच ते बोलतात. शास्त्र आपल्याकडे होतं, पण ते रस्त्यावर नेऊन उभं करण्याचं काम मांसाहारी लोकांनी मन लावून केलं. हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

स्वतंत्र भारतात हे काम एका बाईने पुढे नेलं. नृत्यांगना आणि कलाक्षेत्राच्या संस्थापक रुक्मिणीदेवी अरुंडेल. त्या पूर्ण शाकाहारी. १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्यावर त्यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक आणलं. नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचं आश्वासन दिलं आणि १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्ष रुक्मिणीदेवीच. या कायद्याचं ११ वं कलम एकदा वाचून बघा. मारणं, जास्त ओझं लादणं, आखूड साखळीने बांधणं, अवयव तोडणं, अन्नपाणी न देणं. पाचही अतिचार जवळपास ओळीने सापडतात. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये.  १९६५ च्या नियमांनुसार जनावराला दिवसाला नऊ तासांहून जास्त आणि सलग पाच तासांहून जास्त जुंपता येत नाही. ३७ अंशांवर पारा असेल तर दुपारी बारा ते तीन कामच घ्यायचं नाही. आणि २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक समिती असायला हवी.

आरएसपीसीएचं सगळंच आपल्याला पटणार नाही. ज्या प्राण्याच्या यातना थांबवता येत नाहीत, किंवा ज्याला घर मिळण्याची आशा नसते, अशा काही प्राण्यांना तिथे इंजेक्शन देऊन मारलं जातं. आपली पांजरपोळ हे करत नाही. पहिल्या महायुद्धात संस्थेने जखमी घोड्यांच्या दवाखान्यांसाठी निधी उभारला, पण बरे झालेले घोडे पुन्हा युद्धावरच जात. १९९४ पासून चांगल्या रीतीने पाळलेल्या जनावरांच्या मांसाला, अंड्यांना, दुधाला संस्थेचं लेबल मिळतं. त्या शेतांवरची हलाखी उघड झाल्यावर २०२४ मध्ये, संस्थेच्या दोनशेव्या वर्षातच, तिच्या अध्यक्षांनी पद सोडलं. गोम्पर्ट्झने ज्या प्रश्नावर पुस्तक लिहिलं होतं, तो प्रश्न तिथे अजून सुटलेला नाही. तरी २००६ च्या त्यांच्या कायद्यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जनावराला यातना झाल्यावरच गुन्हा, असं आता राहिलं नाही. योग्य जागा, चारापाणी, नैसर्गिक वागणं, सोबत, आणि दुखण्यापासून बचाव या त्याच्या पाच गरजा पुरवणं हे पाळणाऱ्याचं कर्तव्य ठरलं. ‘मारू नकोस’ इथून ‘काळजी घे’ इथपर्यंत यायला १८४ वर्षं लागली.

मैत्रिणींनो, आपल्या कोल्हापूर-सांगली भागातल्या किती जैन घरांचा संसार उसावर चालतो, हे मी सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास तोडणी सुरू होते आणि टायरगाड्या रस्त्याला लागतात. बैलांचे खांदे सुजलेले, गाडी शिगोशीग भरलेली, पराणीला आर. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत बैल जुवाखाली किंवा गाडीशेजारी ताटकळत असतात. गाडीवान परजिल्ह्यातून आलेला, उचल घेतलेला गरीब माणूस असतो. लंडनची चूक आपण करू नये. सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळं होऊ नये. खेपा वाढवायची घाई त्याला आहे, तशी ऊस वेळेवर जायची घाई आपल्यालाही असते. गाडीतला ऊस आपला आहे, म्हणजे त्या ओझ्यात आपलाही वाटा आहे.

घरातल्या बाईचं कोण ऐकतं, असं म्हणू नका. टोळी आपल्या रानात उतरते तेव्हा पाणी कुठलं घ्यायचं, चहा कुणी द्यायचा, हे आपणच बघतो. बांधावर बैलांसाठी पाण्याचं पिंप भरून ठेवता येतं. गाडी भरताना ‘दोन मोळ्या कमी राहू देत, दुसऱ्या खेपेला जातील’ असं घरधन्याला सांगता येतं. खांद्याला जखम असेल तर गावातल्या जनावरांच्या डॉक्टरला बोलावता येतं आणि त्या खेपेचं भाडं गाडीवानाला बुडू द्यायचं नाही, एवढी तजवीज जीवदयेच्या पैशातूनही करता येते. गोठ्यात गाय असेल तर वासराच्या वाट्याचं दूध वासराला मिळतंय ना, हे बघणंही अन्नपाननिरोधातच येतं. आणि आपल्या जिल्ह्याची प्राणिक्लेश प्रतिबंधक समिती कुठे बसते, काय करते, हे मंडळाच्या चार बायकांनी जाऊन एकदा विचारायला काय हरकत आहे?

यंदा जीवदयेची पावती फाडाल तेव्हा पांजरपोळीला जरूर द्या. पण गळीत हंगामात रानाकडेही एक चक्कर मारा. पांजरपोळीत जाईपर्यंत बैलाचं सगळं आयुष्य त्या गाडीखालीच जायचं असतं.